उस्तादाचा प्रवेश

१७ डिसेंबर ९९, शुक्र. शारजा
मंडळाच्या अध्यक्षांचा, देशमुखसाहेबांचा फोन. माझी एकांकिका वाचली म्हणे. "वहिनी, झकास! फक्त तो शेवटचा उस्तादाचा प्रवेश उडवा."
का?
"पंडित आपला मराठी माणूस. जयपूरच्या राजाचा ज्योतिषी. तो कुणापुढे मांडी घालून शिकतोय, हे कशाला दाखवायचं?"
अहो, तेच तर नाटक आहे! वेद शिकलेला ब्राह्मण राजाच्या शब्दाखातर अलिफ-बे गिरवायला बसला. ग्रीकांचा आकाशावरचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. मग वेधशाळा, दगडी यंत्रं, रोजचे वेध. अरबी काय आकाशातून पडली त्याच्या तोंडात? शिकवणाऱ्याचं नाव मला कुठे सापडलं नाही, म्हणून मीच त्याला उभं केलं. आता देशमुखसाहेब त्याला पुन्हा पुसणार.
डोकं भणभणतंय. पोळी करपली.

१९ डिसें.
हे म्हणतात, "जाऊ दे गं, कशाला वाकडेपणा." पंडिताचं काम ह्यांच्याकडेच. लेक म्हणते, "आई, जस्ट कट इट. व्हॉट्स द बिग डील?" घरचे भेदी!

२४ डिसें., शुक्र.
रोजा सोडून इम्तियाझभाई तालमीला आले. रत्नागिरीचे, रास अल खोरला स्पेअरपार्टचं दुकान. नाटकातले आमचे उस्ताद. बसल्या बसल्या ह्यांचा अरबी 'ऐन'चा उच्चार सुधारला. "घशातून काढा हो साहेब, नाकातून नको." हसून हसून पुरेवाट. प्रवेश उडवायचं चाललंय हे त्यांना सांगायची माझी जीभ रेटेना. भित्री कुठली मी.

२८ डिसें.
मीटिंग. हॉल ८ तारखेचा, शनिवारचा. दे.सा. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर बोट ठेवून : "ईद नऊला. आदल्या दिवशी सगळे मोकळे."
इ.भाई शांतपणे, "साहेब, ते कॅलेंडर भारतातलं. इथला रोजा एक दिवस आधी लागलाय. ईद शुक्रवारी नाहीतर शनिवारी. चाँदवर आहे."
"छापलंय ना? मग!"
पंडित जन्मभर ओरडत राहिला, पोथीवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा. आणि त्याच्या नाटकाची तारीख ही अशी ठरली. माझ्या तोंडून निघालंच, "साहेब, नाटक वाचलंत की नुसतं चाळलंत?" बरं वाटलं.

६ जाने. २०००, गुरु.
मावळतीला आम्ही सगळे गच्चीवर. चाँद नाही. म्हणजे उद्या तिसावा रोजा, शनिवारी ईद. आमच्या प्रयोगाच्या दिवशीच.
दे.सा.ना फोन केला. चूक कबूल करतील? छे! उलट खूश. "मग सुटलाच प्रश्न. सणाच्या दिवशी इम्तियाझभाईंना कशाला त्रास? प्रवेश कापला, खलास. दुसरा प्रवेश झाला की पडदा."
स्वतःच्या चुकीचं काय सोनं केलं माणसाने! रिसीव्हर आपटला.

७ जाने.
इ.भाईंना फोन करून सगळं सांगितलं. पहिल्यापासून.
ते म्हणाले, "ताई, नमाज सकाळी, नाटक संध्याकाळी. मधे शेवया खायला वेळच वेळ. मी येतोय. काम नसलं तर बघायला येईन."
फोन ठेवून रडले. रागाने.

८ जाने., ईद. हॉलच्या मागच्या खोलीत
इ.भाई आले. पांढरा कुर्ता, सगळ्यांसाठी डबाभर शीरखुर्मा. दे.सा.नीही दोन वाट्या चापल्या, गळाभेट घेतली, "ईद मुबारक हबीबी" झालं. छापील कार्यक्रमात इ.भाईंचं नाव नाही. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.
पडदा ओढणारा सुट्टीवर. ते काम साहेबांनी माझ्यावर टाकलंय. "दुसरा प्रवेश संपला की लगेच हं, वहिनी!"
मी हो म्हणाले.
हे शेंडी चिकटवत होते. आरशातूनच हळूच म्हणाले, "अलिफ-बे गिरवायची पाटी आणलीस ना?"
आणलीय. इ.भाई विंगेत उभे आहेत. पहिली घंटा झाली.