सूची पूर्ण होईपर्यंत

मंगळवार, ता. ४

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर आता कशी आहे? मी ठणठणीत आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. फोनवर सांगायला गेले की दुसऱ्याच वाक्याला तू "आई, मुद्द्यावर ये" म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही, म्हणून पत्र.

तर मुद्दा. पुस्तक लिहून झालं, पण प्रकाशकांना शेवटी शब्दसूची हवी आहे. कुठला विषय कुठल्या पानावर आहे, त्याची यादी. म्हणे, पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी पोहण्याचं पुस्तक आहे, ते कुणी गोष्टीसारखं पहिल्या पानापासून वाचणार नाही. नाकात पाणी गेलं की माणूस थेट 'नाकात पाणी' शोधणार. त्या वेळी तो पुस्तक कुठून काढणार, असं मी विचारलं. प्रकाशक हसले नाहीत.

मला वाटलं होतं, यादी आपल्या हाताने टाइप करायची. तसं नसतं. मजकुरात तो शब्द जिथे असेल तिथे जाऊन खूण करायची. ती खूण लपलेली असते. सगळ्या खुणा झाल्या की कॉम्प्युटर स्वतः यादी करतो आणि पान नंबर घालतो. ऐकायला किती सोपं! मी 'पाणी' या शब्दावर खूण केली आणि 'सगळीकडे करा' म्हटलं. पोहण्याचं पुस्तक ते! यादीत पाण्यापुढे झाडून सगळी पानं आली. मग 'भीती'पुढे मी घातलं 'पाहा: श्वास', आणि 'श्वास'पुढे 'पाहा: भीती'. वाचणारा बिचारा दोघांमध्ये येरझारा घालत बसेल, पान नंबर कुठेच नाही.

यादीत चुकलं म्हणून यादीतच खोडलं, तर पुढच्या वेळी ते पुन्हा हजर. खोडायचं ते आत मजकुरात जाऊन, हे कळायला आठवडा गेला. खुणा दिसाव्यात म्हणून ते उलट्या इंग्रजी 'पी' अक्षरासारखं बटण दाबलं, तर ओळीओळीत महिरपी कंसांचं पीक आलं. पुस्तक त्यांनीच फुगलं. मी तशीच यादी केली आणि सगळे नंबर चुकले. आधी कंस लपवायचे, मग यादी करायची, असं असतं म्हणे. कुणी सांगितलं नव्हतं.

आता प्रकाशकांनी मदतीला एक प्रूफं तपासणारे गृहस्थ दिले आहेत. निवृत्त आहेत. दुपारी येतात. चहात साखर घेत नाहीत. बाकी काही विशेष नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आज केलेल्या खुणा उद्या जागेवर नसतात. काल 'तरंगणे' होतं, आज नाही. 'पाय मारणे' तर दोनदा गेलं. असं होतं का गं? तू ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतेस, तुला माहीत असेल.

माझ्या खोलीला रंग दिलास, पडदे लावलेस, सगळं समजलं. उगाच खर्चात पडलीस. सूची झाली की येतेच तुझ्याकडे कायमची.

तुझी,
आई


सोमवार, ता. १०

चि. ठकूस आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालीस, "खुणा आपोआप जात नाहीत आई, तूच खोडल्या असशील आणि विसरली असशील." बरं. पण मग तुझा फोन बंद करायचा राहिला, आणि जावईबापूंना काय म्हणालीस तेही मला ऐकू आलं. "आईचं काहीतरी बिनसतंय. सूचीबिची राहू दे, येत्या रविवारी ट्रक घेऊनच जाऊ या." रागावले नाही मी. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पण तेव्हापासून मी माझीच परीक्षा घेते आहे. स्वयंपाकघरात गेले की कशाला आले ते मोठ्याने म्हणते. काल तलावावर मी पोहायला शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या बायका आठवून पाहिल्या. शिवणकाम करणारी, बँकेतली, ती उंच जिने महिनाभर शेवटची पायरी सोडली नाही, सगळ्या आठवल्या. जिवात जीव आला. मग वाटलं, जुनं तर सगळ्यांनाच आठवतं. कालचं आठवतं का, हा प्रश्न आहे.

आणि आज 'श्वास'च्या खुणा नाहीत. मी काल केल्या होत्या. केल्या होत्या ना? प्रूफवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, "होतं असं कधीकधी, बाई. पुन्हा करू या." आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. किती धीर असावा माणसाला! मी मात्र चष्मा पुसत नुसती बसून राहिले. काम वाया गेल्याचं जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं का वाटत नाही, हेही मला कळत नाही. हे तुला का लिहिते आहे, तेही नाही.

डॉक्टरकडे जायला मी तयार आहे. ट्रकचं मात्र थोडं थांब. सूची तरी होऊ दे.

तुझी,
आई


शुक्रवार, ता. १४

ठकू, आशीर्वाद. हे कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे उद्या मिळेल. ट्रकवाल्याला फोन करण्याआधी पूर्ण वाच.

माझं डोकं शाबूत आहे.

मंगळवारी दुपारी मी चहा टाकायला आत गेले. साखरेचा डबा बाहेर टेबलावर राहिला होता म्हणून परत आले, तर प्रूफवाले माझ्या खुर्चीवर. पडद्यावर महिरपी कंस. एकेक निवडत होते आणि पुसत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

त्यांचा हात तिथेच थांबला. "खोडतोय."

"ते दिसतंय मला. का?"

"उरकत आलं होतं, बाई." मग खाली बघत म्हणाले, "सूची झाली की तुम्ही लेकीकडे जाणार. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. मुद्दाम केलेली ही पहिलीच."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी भडकले. "मला वाटलं माझं डोकं कामातून चाललंय! मुलगी ट्रक घेऊन येतेय माझी! स्वयंपाकघरात मी स्वतःशी मोठ्याने बोलतेय, कळतंय का तुम्हाला?" तोंडाला येईल ते बोलले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी आपले दिवस लांबवले होते, तेवढ्या दिवसांत माझं काय होत असेल हा विचारच केला नव्हता. "फार चुकलं माझं," म्हणाले आणि उठून गेले. दोन्ही कप मीच प्यायले, दोन्हीत साखर घालून.

बुधवारी ते आले नाहीत. राग होताच. आपण विसरत नाही आहोत याचा आनंद तर इतका होता की शेजारणीला उगाच हाक मारून तिच्या भावाच्या मुलांची नावं म्हणून दाखवली. पण दुपार झाली आणि मी तिसऱ्यांदा खिडकीशी गेले, तेव्हा स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं झालं. एका दुपारीत संपेल एवढंच काम उरलं होतं. फाइल उघडली आणि तशीच बंद केली.

आता आडवळणं नकोत. मला तो माणूस आवडतो. तुझ्या बाबांना मी विसरलेले नाही, आणि हे त्यांच्या जागी नाही, वेगळं आहे. कसं वेगळं, ते मला धड सांगता येत नाही. ज्याने मला माझ्याच डोक्याविषयी शंका घ्यायला लावली, तो आवडावा का, हेही ठरत नाही. एकदा वाटतं, दार लावून घ्यावं. एकदा वाटतं, आपल्यासाठी या वयात कुणी एवढा वेडेपणा करावा?

काल ते आले. दारातच म्हणाले, "माफी मागून भागणार नाही. सूची पूर्ण करून देतो. मग येणार नाही." आम्ही बसलो. एकेक खूण घातली, मी प्रत्येक तपासली. कंस लपवले, यादी केली, नंबर ताडून पाहिले. सगळे बरोबर. फाइल प्रकाशकांना गेली. ते उठले. मी म्हटलं, "उद्या या."

"आता काय काम?"

"काम नाही. असेच या."

तर ठकू, सूची झाली. सूची झाली की येते, असं मी तुला किती वेळा म्हटलं असेल. आता माझ्याकडे कसलंही कारण उरलेलं नाही, आणि तरी मी येत नाही. हे गृहस्थ नसते तरी आले नसते. ते उद्या येईनासे झाले तरी येणार नाही. तू प्रेमाने रंग दिलास, पडदे लावलेस, म्हणून नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, एवढंच. इथे सकाळी तलावावर गेले की कुणीतरी काठाला घट्ट धरून उभं असतं, आणि मी म्हणते, सोड आता. ते मला अजून येतं. तुझ्या घरी मी काय करायचं, हे ना तू ठरवलंस, ना मला सुचलं.

तुला वाईट वाटेल. वाटू दे, पण मनात ठेवू नकोस. रविवारी ट्रक नको, तुम्ही दोघं या. भांडायचं असेल तर माझ्यासमोर बसून भांड. मला सगळी उत्तरं देता येतील असं नाही. पण मी कुठे राहणार, एवढं विचारलंस तर अडखळणार नाही.

इथेच राहणारी,
तुझी आई