मुंडाशाच्या मापाची टोपी

अहो,

मामंजींना परसातल्या मिरचीच्या वाफ्यात भोवळ आली. आता शुद्धीवर आहेत, पाणीही प्यायले. तरी त्यांना घेऊन मी दुपारच्या बसने रामनगरच्या दवाखान्यात जात आहे.

ते भर उन्हात उघड्या डोक्याने का राबत होते, हे तुम्ही विचारालच. छापील पुस्तकात चित्र पाहून तुम्ही परदेशातून टपालाने मागवलेली ती गवती टोपी त्यांच्या नाकापर्यंत उतरते. उतरणारच. दोन वर्षे तुमचे त्यांच्याशी बोलणे नाही, म्हणून ते झोपलेले असताना खुंटीवरच्या मुंडाशाला बाहेरून दोरा गुंडाळून तुम्ही माप पाठवलेत. त्यांनाच विचारा, असे मी तेव्हाही म्हटले होते.

ती टोपी त्यांनी बुजगावण्याला घातली आहे. “सायब हाय त्यो, राखू दे मिरच्या,” म्हणाले. मग मुंडासे का बांधले नाही, असे मी आज रागावूनच विचारले. म्हणाले, “पोरानं येवढ्या लांबनं टोपी मागवली. मुंडासं बांधलं तर त्याला वाईट वाटंल न्हवं?”

याचे उत्तर आता तुम्हीच त्यांना द्या.

भात चुलीवर झाकला आहे. त्या टोपीवाल्या कंपनीला तक्रारीचे पत्र लिहीत बसू नका. खुंटीवरचे मुंडासे घेऊन संध्याकाळच्या बसने या आणि त्यांच्या डोक्याला ते तुमच्या हातांनी बांधा.

शेवंता