खुटबावात ‘व्यासंगी’ शब्दाचा प्रसार

१२ जानेवारी, सोमवार
‘विद्वान’ आणि ‘व्यासंगी’ यांत फरक काय? मराठी घेऊन बी.ए. झाले, तरी मला सांगता येत नाही. पण ‘व्यासंगी’ ऐकायला भारी वाटतो. सव्वीस तारखेला गावच्या वाचनालयाचं उद्घाटन. सूत्रसंचालन माझ्याकडे. अध्यक्ष मारुतराव आप्पा. ग्रंथपालही तेच नेमणार. त्यांना स्टेजवर ‘व्यासंगी’ म्हणायचं, की नोकरी पक्की. घरात पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली पगारदारही मीच!
गावाला अर्थ कळावा म्हणून चावडीच्या फळ्यावर लिहून आले : ‘व्यासंगी – ज्याला सतत एकच ध्यास असतो असा.’ ‘अभ्यासाचा’ लिहायला जागा उरली नाही. लोक समजून घेतील.

१४ जानेवारी
शब्द चालू झाला! इरशादभाईंच्या टपरीवर बिरदेवमामा म्हणाले, “तंबाखूची पुडी दे रं. आपुन व्यासंगी मानूस.”
म्हणजे पुडीचा कागदसुद्धा वाचतात! भरून आलं.

१९ जानेवारी
सुरेखाकाकूंनी लेकीसाठी आलेलं कासुर्डीचं स्थळ मोडलं. “पोरगं व्यासंगी निघालं गं बाई.”
वाचणाऱ्या मुलाला नकार! गाव अजून मागे आहे. फळ्यावरचा शब्द आणखी ठळक केला.

२६ जानेवारी, सकाळी ११
माईकवरून मी म्हणाले, “आपले व्यासंगी आप्पा!” प्रचंड हशा, शिट्ट्या. दाद मिळतेय म्हणून वाढवलं : “लहानपणापासून व्यासंगी! वडिलांचाच वारसा!” आप्पा लालबुंद. विनय असावा. तेवढ्यात आप्पांच्या बायको, सारजाकाकू, बायकांतून उठल्या : “चार वरसं झाली सोडून! माळ घातलीया त्यांनी!”
काय सोडलं?

दुपारी २
इरशादभाईंनी सांगितलं. “ताई, आमी तर ‘व्यसनी’च समजत होतो. तुमीच लिवलंय की फळ्यावर.”
जेवले नाही.

२८ जानेवारी
ग्रंथपाल म्हणून सत्यजीतला घेतलं. बारावी नापास. आप्पा म्हणाले, “शिकल्यालं नसंना का, पोरगं निर्व्यासंगी हाय.”
उपसर्ग काय अचूक लावला! शिकवण वाया गेली नाही.
मग थोडं रडले.

२९ जानेवारी
सतरा दिवसांत अख्खं गाव एक शब्द बोलायला लागलं. चूक गावाची नाही, शब्दकोशाची आहे. पुण्याच्या शब्दकोशवाल्यांना पत्र लिहिलं : ‘व्यासंगी – अर्थ दुसरा : तंबाखू खाणारा. खुटबाव, कासुर्डी भागात रूढ. कृपया भर घालावी.’ खाली सही, सुलक्षणा, बी.ए.
पाटसला जाऊन स्पीड पोस्टानं टाकूनही आले.