डाव्या पायाला काम नसलेली गाडी

जयनगर, बंगळूर
रविवार, दुपार

प्रिय श्रीहर्ष,

जयनगरहून इंदिरानगरला पोस्टानं पत्र पाठवणारा माणूस या गावात आता बहुधा मी एकटाच असेन. मेट्रोनं तासाभरात तुझ्या दारात उभा राहू शकतो, हे मला कळतं. फोनही आहे. पण आठ महिने झाले, फोनवर आपलं बोलणं 'जेवलास का', 'जेवलो', 'आईला देतो' याच्यापुढे गेलेलं नाही, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. तुझ्या आईबरोबर चटणीपुडीच्या डब्यासोबत पाठवलं असतं, तर मॅजेस्टिकला गाडी बदलायच्या आत तिनं ते वाचून काढलं असतं. तू तिला ओळखतोस. म्हणून पाकीट, गोंद आणि तिकीट असा सगळा सरंजाम.

आधी बातमी सांगतो. आम्ही नवी गाडी बघतोय. छोटी, पण जरा उंच, रस्त्यातल्या हंपवर पोट न घासणारी, माझ्या पेन्शनीला झेपेल अशी, आणि ऑटोमॅटिक. शेवटची अट तुझ्या आईची. "आता या घरात क्लच नको. क्लच नसला की त्यावरून भांडणही नाही," असं ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. मी म्हटलं, ऑटोमॅटिक ही ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांची गाडी. त्यावर तिनं लाटणं खाली न ठेवता आपलं डावं मनगट माझ्यापुढे धरलं. प्लॅस्टर निघून सहा महिने झाले तरी ते मनगट अजून पुरतं वळत नाही.

त्या मनगटाबद्दल आपण दोघं त्यानंतर कधी बोललोच नाही. तू हौसेनं हयवदनच्या गॅरेजात आपल्या जुन्या गाडीला नवा क्लच बसवून आणलास. वाढदिवसाची भेट म्हणून. पहिलीपासूनचा मित्र तुझा, त्यानं मजुरीसुद्धा घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी आणि तुझी आई मठात निघालो आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीनं एकाएकी पुढे उडी मारली. शहाळेवाल्याची हातगाडी कलंडली, शहाळी रस्ताभर झाली, आणि डॅशबोर्डवर हात टेकलेल्या तुझ्या आईचं मनगट मोडलं. संध्याकाळी तू ऑफिसातून धावत आलास. मी हयवदनलाही बोलावून घेतलं होतं. शेजारचे चार लोक बसलेले असताना मी तुम्हा दोघांना काय काय बोललो ते तुझ्या लक्षात आहे, माझ्याही आहे. अर्धवट काम, फुकटचा माल, आईचा हात मोडलास. पंधरा दिवसांत तू ऑफिस जवळ पडतं म्हणून इंदिरानगरला खोली घेतलीस. ऑफिस आधीही तिथंच होतं.

असो. गाडीकडे वळतो. अडतीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात काढलेला माणूस मी, साधा सुतळीचा गुंडा घेताना दोनदा उलटा करून बघतो. गाडीसाठी वही केली, रकाने आखले. जमिनीपासून उंची, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा, डिकी, लिटरमागे किलोमीटर. ऑटोमॅटिकमध्येही जाती असतात हे मला या वयात कळलं. स्वस्तातली जी असते, तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायला आत एक यंत्र बसवलेलं. पहिल्या शोरूममधल्या माणसानं आम्हाला त्यातून फिरवून आणलं. ते यंत्र गिअर बदलताना दर वेळी जरा विचारात पडतं, आणि तेवढ्यात आतल्या सगळ्यांच्या माना पुढे जाऊन मागे येतात. तुझी आई म्हणाली, कीर्तनाला बसल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या शोरूममधली गाडी दिसायला देखणी, पण इतकी उंच की नऊवारी सोड, पाचवारीतसुद्धा चढायला पाट लागला असता. ती दारातच बाद.

तिसरी गाडी मात्र आम्हा दोघांनाही आवडली. हिच्यात गिअर बदलल्याचं कळतच नाही, आवाज तेवढा थोडा ताणल्यासारखा येतो. किंमत पहिलीहून जास्त, पण आवाक्यातली. तिथला रविकिरण नावाचा विक्रेता, हासनकडचा, मला म्हणाला की चालवून बघा. बसण्याआधी त्यानं मला दहा वेळा बजावलं. "सर, डावा पाय मागे ठेवा. निधानवागी, सावकाश. स्वल्प ब्रेक, स्वल्पच." मी विचारलं, एवढं काय? तर म्हणाला, तीस-चाळीस वर्षं क्लचची गाडी चालवलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. थांबायची वेळ आली की सवयीनं डावा पाय क्लच दाबायला जातो, तिथं असतो रुंद ब्रेक, आणि गाडी जागच्या जागी खिळते. गेल्या महिन्यात एका कर्नलसाहेबांनी त्याचं कपाळ काचेवर आपटवलं होतं. म्हणून पट्टा लावून, वर एक हात डॅशबोर्डवर टेकून तो बसला.

मी निघालो. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपली आपण सरकते, हे जरा भुतासारखं वाटतं, पण मजा येते. पहिला हंप आला, थांबलो, काही झालं नाही. सिग्नल आला, थांबलो, काही झालं नाही. समोर रिक्षा आडवी आली, करकचून थांबलो, तरी सगळं उजव्या पायानं, अगदी रीतसर. रविकिरणनं डॅशबोर्डवरचा हात काढला. "सर, सूपर! दोन वर्षांत पहिलेच तुम्ही. ज्यांचा डावा पाय हललाच नाही!" मागून तुझी आई म्हणाली, यांचं सगळंच मापात असतं. मी फुगलो, खोटं कशाला सांगू. पुढचा फर्लांगभर मी बंगळूरमधला सर्वांत सावध ड्रायव्हर होतो.

मग पुढच्या सिग्नलला, नुसतं कुतूहल म्हणून, मी डाव्या पायाला हुकूम दिला. ब्रेकपासून दूर, खालच्या रबराच्या चटईवर, क्लच दाबतो तसं दाब. पाय गेला नाही. मनात एक, दोन म्हटलं, तेव्हा टाच तेवढी घसरली, आणि पंजा जिथं होता तिथंच. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि मी गाडी पुढे घेतली. रविकिरण काही तरी एक्सचेंज बोनसचं सांगत होता. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं जी सवय प्रत्येकाच्या पायात मुरते ती माझ्या पायात नाही, याचा अर्थ मी सावध आहे असा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुझी आई चिकपेटला ब्लाउजपीस आणायला गेली, तेव्हा मी अंगणातल्या जुन्या गाडीवरचं कापड काढलं आणि आत जाऊन बसलो. इंजिन बंद. मांडीवर वही, हातात घड्याळ. तू हसशील, पण मला दुसरी पद्धत येत नाही. डाव्या पायानं दहा वेळा क्लच दाबला. सहा वेळा तळापर्यंत गेला, दोनदा अर्ध्यात थांबला, आणि दोनदा पाय पेडलवरून सुटून खाली पडला. मग तिरका बसून उजव्या पायानं दहा वेळा दाबला. दहाच्या दहा. हयवदननं बसवलेला तो क्लच इतका हलका आणि सरळ आहे, की मी कारखान्यात असतो तर त्याच्यावर डोळे मिटून सही केली असती.

कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. समोरचा माल नापास करण्याआधी आपला मोजायचा गेज मास्टरवर लावून बघायचा. मास्टर म्हणजे ज्याच्या मापाबद्दल शंकाच नाही असा तुकडा. कारण पुष्कळदा माल चांगला असतो, झिजलेला असतो तो तुमचा गेज. हे मी अडतीस वर्षं शिकवलं, त्यासाठी लोकांना रागावलो, एकाची तर बढती अडवली. आणि घरात? घरात पोटच्या पोराचं काम नापास करताना मला हे सुचलंसुद्धा नाही. गेल्या वर्षभरात फिरताना माझी डावी चप्पल वाटेत सुटून मागे राहायची. मी तीन जोड बदलले आणि तिन्ही दुकानदारांना नावं ठेवली.

आता तुला एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितली नाही तर बाकीच्याला अर्थ नाही. गाडीतून उतरून घरात आलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही ऑटोमॅटिक घ्यावी आणि तोंड मिटून बसावं. तिच्यात डाव्या पायाला कामच नाही. कुणाला कधी कळणार नाही. बुकिंग करायचं, लिंबं चाकाखाली ठेवून पूजा करायची, आणि फेब्रुवारीतल्या त्या अपघाताचा दोष हयवदनच्या नावावर तसाच राहू द्यायचा. दोन दिवस मी हा विचार केला, चांगला पोटभर केला. रविकिरणचा रोज फोन यायचा, रंग कोणता ते सांगा म्हणून. तुझ्या आईला निळा हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या आमच्या बाकावर बिंदुमाधव कुणाला तरी सांगत होता, की गाडी कुठंही द्या पण त्या हयवदनकडे देऊ नका, यांच्या बायकोचा हात मोडला त्यानं. हे वाक्य माझंच. आठ महिन्यांत ते त्या बाकावरून किती घरांत गेलं असेल, देव जाणे. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, की क्लच चांगला होता, माझा पाय सुटला, आणि मी त्या मुलावर खोटा आळ घेतला. बिंदुमाधव म्हणाला, तुम्ही बसा आधी. तिथून मी तसाच हयवदनच्या गॅरेजात गेलो. पूर्वी तिथं दारापर्यंत गाड्या लागलेल्या असायच्या. परवा दोनच होत्या. मी बोलायला सुरुवात केली तसा त्यानं हात पुसून मला स्टूल दिलं, आणि माझं सगळं ऐकून "परवागिल्ला, अण्णा," म्हणाला. काही हरकत नाही. मला वाटतं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "श्रीला सांगितलंत का?" मी नाही म्हटलं. तो पुन्हा गाडीखाली गेला.

म्हणून हे पत्र. गाडी मी अजून बुक केलेली नाही, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कुठलीच गाडी चालवणार नाही. ऑटोमॅटिकसुद्धा नाही. आज डावा आहे, उद्या उजव्याचं काय, हे मला कोण सांगणार? मंगळवारी अकरा वाजता नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझ्या आईला अजून कळू दिलेलं नाही. ती अंगठ्यानं ते मनगट चोळत बसलेली असते, तिच्यापुढे हे बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्या संध्याकाळी मी एवढा आरडाओरडा केला, हयवदन मान खाली घालून उभा होता, आणि तू मला उलट एक शब्द बोलला नाहीस. फक्त जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, विचारलंस, "अण्णा, पायाला काही होतंय का?" त्यावर मी तुला सगळ्यांसमोर घराबाहेर जा म्हटलं. आपली चूक झाकायला बापाला लंगडा ठरवतोस, असं म्हटलं. तू चूक झाकत नव्हतास. त्या खोलीत गाडीकडे किंवा शहाळेवाल्याकडे न बघता माझ्याकडे बघणारा तू एकटा होतास, आणि मला त्याचीच भीती वाटली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आठ महिने लागले. हो रे, होतंय. खूप दिवसांपासून होतंय, आणि मला फार भीती वाटते. माफी मागायचा मला हक्क आहे की नाही ठाऊक नाही, तरी मागतो. मंगळवारी माझ्याबरोबर चल.

तुझाच,
अण्णा