बांधावरचा तुंबा

९ जुलै, बुधवार

तुंबा! चार दिवस पोरीच्या पोटात काही ठरत नाही. पेज दिली तर पेज बाहेर, लिंबूपाणी दिलं तर तेही बाहेर. आणि आज दिशा म्हणते, "आई, तुंब्याची भाजी खावीशी वाटते गो." लहानपणी हीच कार्टी ताटात हा कडू पाला दिसला की भाताखाली दडवायची! पण डोहाळे लागले की जीभ फिरते. हिच्या वेळी मी नव्हते का चुलीतली माती चाटत?

चौथा महिना संपत आला. शहापूरला सासरी हाल व्हायला लागले म्हणून हर्षितराव रविवारी इथे आणून सोडून गेले. रोज फोन — "मम्मी, काय खाल्लं तिने?" काय सांगू! गाल बसलेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर मुरबाडला दवाखान्यात ठेवायचं, सलाईनवर.

फोन करून विचारलं, तुंब्याला हरकत नाही म्हणाल्या. "थोडा खाऊ दे. आधी काहीतरी जाऊ दे पोटात."

तर मी म्हटलं, आणते. त्यावर दिशा — "बांधावरचाच पायजे हां. आपल्या नि काकूच्या मधल्या."

झालं!

१० जुलै

सकाळी बांधावर जाऊन आले. आमच्या बाजूला तुंब्याचं पान नाही. असणार कुठून? दरवर्षी भाताच्या आवणीच्या आधी आम्ही तणनाशक मारतो. पलीकडे मात्र गुडघाभर तुंबा, हिरवागार. चंद्रकलाताई — माझ्या मोठ्या जाऊबाई — अजून सगळं तण हाताने काढतात. भाऊजी भातसानगरला धरणावर नोकरीला, आठवड्याने येतात. बाई एकटी राबते.

एका अंगणात दोन घरं. चार वर्षं बोलणं नाही.

१३ जुलै, रविवार

मुरबाडच्या बाजारात गेले. करटुली, टाकळा, कुर्डू — सगळं होतं. तुंबा एकीकडेच मिळाला. सिद्धगडाकडून भाज्या घेऊन येते ती अंबूबाई. म्हणाली, "फुलावर यायच्या आतला हाय बाय. उकडून पिळून घे, नायतर कडू मारंल. सुकट घाल भरपूर."

तसंच केलं. लसूण, हिरवी मिरची, सुकट चुरचुरीत भाजून. सासूबाई करायच्या अगदी तशी, वरून तेलाची धार. घरभर वास! पुदिना, तुळस, तुंबा हे सगळे एकाच कुळातले, असं शेतकी खात्याचा माणूस एकदा सांगत होता. कूळ एक, पण स्वभाव बघा! एक देव्हाऱ्यापुढे, एक चटणीत, आणि हा बिचारा बांधावर.

दिशाने ताट नाकाशी नेलं. "ह्यो नाय तो." ठेवून दिलं!

ह्यांनी मात्र त्या भाजीबरोबर तीन भाकऱ्या हाणल्या. पोरीच्या तोंडचा घास बापाच्या पोटात. राग आला आणि हसूही.

१४ जुलै

ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, तुमची वहिनी आहे. तर म्हणाले, "पंप मी मारलेला काय?"

एवढंच. पण लागलं.

आज लिहून टाकते. चार वर्षांपूर्वी आवणीला माणूस मिळेना, बांध तणाने भरलेला. हे कामावर. मीच पाठीला तणनाशकाचा पंप लावला. दिशा तेव्हा कॉलेजात होती, तिने पाणी भरून दिलं. वारा ताईंच्या बाजूला वाहतोय हे दिसत होतं मला. तरी मारला. आठ दिवसांत ताईंची बांधावरची तुरीची रोपं पिवळी पडून माना टाकून बसली. तुंबाही गेला, त्यांच्या बाजूचासुद्धा. त्यांचा पुढच्या पावसाळ्यात परत आला. आमच्याकडे मी येऊच दिला नाही.

ताई विहिरीवर आल्या. चार बायका होत्या. शांतपणे विचारलं, "निर्मला, पंप मारलास काय गो?"

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या बसल्या असत्या, संध्याकाळी चहा झाला असता. पण चार बायकांसमोर माझी जीभ सटकली. "नाय! माझ्या दिशाची शपथ!"

शपथ मागितली नव्हती कुणी.

ताईंना मूल नाही. दिशा त्यांच्या कडेवर वाढली, माझ्यापेक्षा त्यांनी तिला जास्त भरवलंय. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग हंडा उचलून गेल्या. भांडल्या नाहीत. मी खोटं बोलते म्हणाल्या असत्या तर शपथ पोरीवर आली असती! म्हणून गप्प बसल्या. चार वर्षं गप्प.

आणि आता पोरीच्या पोटात पाणी ठरत नाही. मी शिकलेली बाई, बारावी पास, असल्या गोष्टी मानत नाही. पण रोज तिला परसात ओकताना ऐकते आणि वाटतं — त्या शपथेमुळे तर नाही ना?

१५ जुलै

आजही तसंच. तीनदा.

१७ जुलै, गुरुवार

लाज वाटते लिहायला. पण लिहिते.

दुपारी सगळं आवार झोपलेलं बघून डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि बांधावर गेले. चोरायला! ५१ वर्षांची बाई. वाकून दोन मुठी उपटल्या, तेवढ्यात मागून आवाज —

"मुळासकट उपटतेस? आत्याबाईंनी ह्येच शिकवलं व्हतं काय?"

चंद्रकलाताई. हातात विळा, पदर खोचलेला. मी अशी दचकले की चिखलात बसलेच. हातात तुंबा, मुळांना माती लोंबतेय.

"तुंबा खुडायचा असतो," म्हणाल्या. "शेंडा नि चार पानं. झाड ऱ्हायलं पायजे." चार वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही शिकवणीचं! आत्याबाई, म्हणजे सासूबाई, असंच ओरडायच्या आम्हा दोघींना.

मग माझा बांधच फुटला. चिखलात बसल्या बसल्या सगळं बोलले. पंप मी मारला ताई. वारा दिसत होता मला. दिशाची शपथ खोटी खाल्ली. पोर आता काही खात नाही, तिला काय झालं तर?

रडले. नाक पदराला पुसलं, पदर चिखलाचा, सगळं तोंड माखलं.

मला वाटलं, आता विळा टाकून निघून जाणार. तर त्या बाजूला थुंकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सुटली! सुटली! सुटली! मी सांगते ना, शपथ सुटली. माझ्या पोरीवर काय नाय यायचं." मग मला हाताला धरून उठवलं. "पंप तू मारलास ते सगळ्या गावाला ठाव व्हतं. घरात चार वर्सं तुझा आवाज आयकत ऱ्हायले मी, भिंतीपल्याडून."

मग विचारलं, "तुंबा नेतेस कोनासाठी?"

"दिशासाठी. डोहाळे लागलेत तुंब्याचे."

"दिशाला? तुंब्याचे?" माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझं तोंडच तसं झालं होतं म्हणा.

त्यांनीच खुडून दिला. ओंजळभर, फक्त शेंडे.

१८ जुलै

खाल्ला! पडवीत वाऱ्याला बसून खाते म्हणाली, ताट घेऊन गेली. परत आलं ते चाटूनपुसून! भात, भाजी, सगळं साफ. उलटी नाही!

संध्याकाळी ताई आल्या. चार वर्षांनी आमच्या उंबऱ्यावर. नाचणीची पेज आणली होती, वर ताकाची निवळ. दिशाने काकूला मिठी मारली ती सोडेचना. दोघी मिळून काय खुसफुसत होत्या कोण जाणे. पेज सगळी प्याली.

२४ जुलै, अमावास्या

डॉक्टरीणबाईंकडे काटा बघितला — सव्वा किलो वाढ! सलाईन नको. ताईंची पेज रोज येते, ती पोर समोर बसून पिते. हर्षितराव फोनवर इतके ओरडले की बाजूच्या बाईने वळून बघितलं.

उद्यापासून श्रावण. आज शेवटची सुकट घालून तुंबा केला. कोंबड्या हल्ली पडवीतून हलत नाहीत, पायात पायात येतात.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

आता सुकट बंद, मुगाची डाळ भिजवून घालते. तुंब्याला फुलं धरायला लागली. पांढरी, तांदळाएवढी. ताईंनी आणि मी ती महादेवाला वाहिली. लहानपणी दिशा ही फुलं तोडून त्यातला मध चोखायची. भाजी नको, फुलं हवीत! ताईंनीच आठवण काढली.

पंप ह्यांना माळ्यावर टाकायला सांगितलंय. आमच्या बांधावर पावसाने पुन्हा आलेलं तण या खेपेला मी आणि ताईंनी हाताने काढलं. कंबर मोडली. त्यांच्याकडचे पाच तुंबे मुळासकट आणून आमच्या बाजूला लावले. (हे उपटलेले चालतात म्हणे!)

ताई म्हणाल्या, "सातव्यात ओटी पयली मी भरनार. आत्ताच सांगून ठेवते." मी कोण नाही म्हणणारी?

१० ऑगस्ट, रविवार

पडवीच्या मागे झाडायला गेले. कुडाच्या आडोशाला तुंबा! शिजवलेला. रोजचा, थरावर थर. कोंबड्यांनी सुकट आणि डाळ तेवढी टिपलेली, पाला तसाच वाळलेला. कार्टीने एक घास खाल्लेला नाही.

धावत ताईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या, मानसुद्धा वर केली नाही. "मला बांधावरच कळलं व्हतं. तुंबा भरवला की कोनाच्या मांडीवर थुकायची ती?"

हसता हसता दोघी रडलो.

दिशाला काही बोलायचं नाही, असं ठरलंय. उद्या सकाळी ताई आणि मी परत बांधावर. पोरीला तुंबा लागतो.