नवस फेडल्यावरचं दुखणं

माय,

नाही, आजपण मला तुझं पटत नाही. नवस फेडला म्हणजे आजार कायमचा गेला, असं कुठं असतं का गं? मेल्यावर तरी कबूल कर की!

भांडण परत उकरलं, कारण आज ताईशी बोललो. म्हणलं, मायला होतं ते लेकीला होऊ शकतं म्हणतात, एकदा तपासून घे. तर म्हणती, "मायनं नवस फेडलाय ना? कशाला देवीला राग आणायचा?" अगदी तुझाच आवाज!

मी चौथीत होतो तेव्हा तुझी छाती काढली. बरी झालीस, देवीला साडी नेसवलीस, गावजेवण घातलंस. डॉक्टर म्हणले होते, दर वर्षी दाखवायला या. तू गेलीच नाहीस. "परत दवाखान्यात गेलं म्हणजे देवीवर भरवसा नाही, असं होतंय." घरात कॅन्सर म्हणायचीपण चोरी.

इतक्या वर्षांनी पाठ धरली. तू म्हणलीस, खुरपून धरली. मी चाकणहून मलम पाठवलं, शेजारच्या काकू चोळायच्या. नव्या डॉक्टरनं विचारलं, "मावशी, आधी काही मोठा आजार?" तू म्हणलीस, "काहीच नाही बा." खोटं नव्हतीस बोलत. तुझ्यासाठी ते फिटलेलं होतं. आणि ते तर मणक्यात येऊन बसलेलं, माय!

इथं कसंय सांगू? रूमवर चौघं, पण शिफ्टा वेगळ्या. मी येतो तेव्हा गादी गरम असती, माणूस नसतो. कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले. तू रोज विचारायचीस, "भाजी कशाची होती रे?" मी खेकसायचो, "तेच ते काय विचारती!" आता कांद्याच्या ट्रकांमागं बस अडकली की मनातल्या मनात सांगतो, आज वांगं होतं, खारट. ऐकू येतं का गं?

ही तिसरी कंपनी. हीपण सोडावी वाटतीय. पण ताईची तपासणी होईपर्यंत नाही सोडत.

देवी रागावली तर माझ्यावर रागावू दे. दिवाळीपर्यंत थांबत नाही, या महिन्यातच सुट्टी टाकतो. ताईला लातूरच्या दवाखान्यात मीच नेणार. ती लाजली तर डॉक्टरला मी सांगणार, आमच्या मायला छातीचा कॅन्सर होता, बरा झाला होता, मग हाडात निघाला. शब्द देतो तुला.

तुझा,
गजा

ताई नको नको म्हणत होती, तरी तपासणीचे पैसे आत्ताच मोबाईलवरनं तिला टाकले. साडेतीन हजार.