सातवी फेरी

धानोरा, ११ फेब्रुवारी १९५७

प्रिय कमळे,

सव्वीस जानेवारीला चांद्याच्या मंचावर तू वारलूसोबत नाचलीस. तुमच्या ट्रेनिंगच्या बाईंनी जोड्या लावल्या, सात फेऱ्या बसवल्या. आपल्या गावात हात न सोडता सात फेऱ्या झाल्या की सोयरीक ठरते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तू ते माझ्या थट्टेच्या गोष्टीतूनच ऐकलेलं. तुला वाटलं असेल, ती रीत केव्हाच मोडली. वारलूचा बाप झिंगू मात्र पुढच्या रांगेत बसून फेऱ्या मोजत होता.

काल तो चार माणसं घेऊन आला. सोयरिकीचं म्हणून मोहाच्या दारूचं मडकं ओसरीवर ठेवून म्हणाला, "पोरीनं हात सोडला नाई ना, देवाजीभाऊ? मंग काऊन तोंड पाडून बसला? रीत तं तुहीच होय." सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. मडकं उचला म्हटलं, तर उचललं नाही. शनिवारी तू सुट्टीला येणार, तेव्हा मोटारीच्या थांब्यावर ते बैलबंडी घेऊन उभे राहणार आहेत, तुला थेट त्यांच्या घरी न्यायला.

तुझ्या आजीच्या वेळी धान निघालेल्या शेताच्या बांधीत दुपारभर नाच चाले. नको वाटलं की पोरगी हात सोडून पाणी प्यायला जाई. लोक पोराची टिंगल करत, नि नाच पुढं चाले. हात सुटू नये म्हणून जोडीच्या मनगटांवर पंचा गुंडाळायचं मी सुरू केलं. तुझ्या आईसोबत, तिसरी फेरी संपताना. पुढं सगळेच गुंडाळू लागले. ही गोष्ट मी किती वेळा हसत सांगितली. तेव्हा आई चुलीकडे तोंड करून बसायची.

झिंगू गेल्यावर मी तिला विचारलं, गुणा, तू हात सोडवत होतीस का? तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "चार फेऱ्या सोडवत होती. तुमाले ठाऊक होतं."

ठाऊक होतं, कमळे.

कालपासून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी उठून उभा राहतो. त्या बंडीपुढं मी काय बोलणार? तिथला प्रत्येक जण माझ्याच पंच्याची साक्ष काढेल.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, आईच घेऊन येते आहे. शनिवारी येऊ नकोस, होळीलाही नको. वारलू तुला हवा असेल तर ते तू तुझ्या तोंडानं सांग. फेऱ्यांनी ठरणार नाही. झिंगूला मी सगळ्यांसमोर सांगेन की गुणा हात सोडवत होती. मग ते काय करतील, ठाऊक नाही. आई दारात उभी आहे. परत कधी येणार ते सांगत नाही, मीही विचारत नाही. पत्र देताना तिच्या हाताला माझा हात लागू नये म्हणून ते उंबऱ्यावर ठेवतो आहे.

तुझाच, भ्यालेला,
बाबा